पाट्याखालची दारुहळद

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या बाजारात मेथीची जुडी बघत होते. ती तिथंच टाकून निघाले. माझी थोरली बहीण सुमन. उभी नोकरी जाफराबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. रडू त्या दिवशीच येऊन गेलं. राग नंतर आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरायचं नाव घेत नाही.

शोकसभेत जो उठला तो म्हणाला, बाई फुलासारख्या कोमल होत्या. कोमल! ताई काट्यांची माणूस होती हो. हिमालयातली दारुहळद, पिवळ्या फुलांची, तीन-तीन काट्यांची रानटी झुडपं, हा तिचा ध्यास. उन्हाळ्यात आमचं टेंभुर्णी गाव सावली शोधत बसायचं तेव्हा ही कुमाऊँच्या डोंगरात. येताना रद्दीत दाबलेल्या फांद्यांचे गठ्ठे. जालन्याहून जीपमध्ये गठ्ठा हिच्या मांडीवर आणि काटे शेजारच्याच्या. "ओ बाई, साळिंदर घेऊन चालल्या का काय?" असं एक म्हातारा ओरडला, तर हिनं गाव येईस्तोवर त्याला काट्यांतला फरक समजावून सांगितला. उतरताना बिचाऱ्यानं हात जोडले.

घरी आलं की गठ्ठ्यांवर वजन म्हणून चटणीचा पाटा. रोज कागद बदलायचे, पुन्हा पाटा वर. आमची माय दरवर्षी भांडायची. "पाटा झाडाला देऊन बसली. मंग चटणी काय माझ्या डोक्यावर वाटू?" ताई हसायची आणि मिक्सर पुढं सरकवायची. माय त्या चटणीला तोंड लावायची नाही.

मला ती सगळी झुडपं सारखीच दिसायची. मूळ खरवडलं की सगळ्यांचं पिवळंजर्द. "म्हणून तर मुळावर जायचंच न्हाई," ताई म्हणायची, "पान उलटं कर." मग कळायचं. एकाचं पान जाड, खालून चुना फासल्यासारखं पांढरं. दुसऱ्याचं अरुंद, त्याला देठ जवळजवळ नाहीच. तिसऱ्याचं खालूनही हिरवं, कोवळी काडी लालसर आणि फळ तांबूस, बाकीच्यांच्या निळसर फळावर असते ती राखेसारखी भुकटी त्यावर नाही. हे तिसरं तिचं सगळ्यात लाडकं. एका विशिष्ट उतारावरचं ते झुडूप बाकीच्यांहून थोडं वेगळं आहे, असा तिला दाट संशय होता. पण बाजारात सगळ्यांचं नाव दारुहळदच. औषधासाठी मुळं खणतात, सगळी एकाच पोत्यात जातात. "एकच नाव ठेवलं की उपटायला बरं पडतं," ती म्हणायची, आणि तेव्हा तिचा आवाज चढायचा. शेवटच्या फेरीत ती त्या उतारावर गेल्ती. अर्धा उतार रस्त्यात गेलेला, उरलेला खणून नेलेला. झुडूप एकही नव्हतं. आता त्याच्या फांद्या होत्या त्या फक्त तिच्या कॉलेजच्या कपाटात...

शोकसभेनंतर आठवडाभरानं मी तिची शाल आणि भिंग आणायला कॉलेजात गेले. कपाट जवळजवळ रिकामं. नवे विभागप्रमुख अगदी अदबीनं बोलले. "मॅडम, सफाई करून राह्यलो. एकाच झाडाचे ढीगभर नमुने होते. एक ठेवला, बाकीचे डबल होते ते जाळून टाकले. वाळवी लागली असती." वर माझ्यासाठी चहा सांगितला.

डबल! प्रत्येक नमुन्यावर तिच्या हातानं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, जातीचं, उताराचं. यांनी वरचा पहिला शब्द तेवढा वाचला, तो आडनावासारखा सगळ्यांवर सारखाच, म्हणून झाड एकच! ठेवलेला नमुना मी हातात घेतला आणि पान उलटं केलं. खालून पांढरं. तिकडं वाटेवाटेला उगवतं ते.

"तुम्हाला माझ्याच बहिणीनं शिकवलं ना?"

"हो, बीएस्सीला."

"मग जाळायच्या आधी एक पान तरी उलटं करून बघितलं का हो?"

प्रयोगशाळेतली पोरं काम थांबवून बघायला लागली. बघू देत. मी चहा तसाच ठेवून प्राचार्यांकडे गेले. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, बाईंच्या स्मरणार्थ आवारात गुलाब लावू. जन्मभर जिनं दोन झुडपांतला फरक सांगितला, तिच्या नावानं गुलाब! कुठलाही चालेल म्हणे, फुलाशी मतलब.

परवा टेंभुर्णीला गेले होते. ताईच्या खोलीत पाटा अजून रद्दीच्या गठ्ठ्यावर तसाच आहे. त्या कागदांत काही नाही, मी आधीच बघितलंय. शेवटच्या आजारपणात ती कुठं गेलीच नव्हती. वहिनी म्हणाली, आता स्वयंपाकघरात नेऊ या, आत्याबाईंना, म्हणजे मायला, पाट्यावरचीच चटणी लागते. तिनं पाट्याला हात घातला, तशी माय भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "खाली काही वाळत असंल तिचं."