दोन डाव्या बाह्यांचा कोट

मिशाळ शिंपी गेल्याला चार दिवस झाले आणि लोकांनी त्याचा साधू करून टाकला. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, टवाळीत तर तो सगळ्यांचा बाप होता. पण शोकसभेत टवाळीचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं.

"अत्यंत शांत माणूस," तो कामाला होता त्या शिवणाच्या दुकानाचे मालक म्हणाले. याच शांत माणसाला ते वर्षातून दोनदा कामावरून काढत आणि परत घेत.

"कधी कुणाची चेष्टा केली नाही हो त्याने," बँकेचे निवृत्त मॅनेजर छातीवर हात ठेवून म्हणाले.

कोपऱ्यात बसलेल्या, त्याच दुकानातल्या कटिंग मास्तरांना हसू फुटणार होतं, ते खोकल्यावर निभावलं. मॅनेजरांचा हात नेमका गाढवावर पडला होता. स्वतःला फार शहाणं समजणारं गिऱ्हाईक आलं, की मिशाळ त्याच्या कोटात, अस्तराच्या आत, लाल दोऱ्याने एक गाढव काढून द्यायचा. सभेत भाषणं करणारे सगळे गाढव बाळगून होते. हे गुपित फक्त मास्तरांना ठाऊक होतं.

पण मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. तीन महिन्यांपूर्वी, तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मिशाळने तो कोट तसाच शिवला, दर्शनी काचेत टांगला आणि खाली पाटी लावली: 'मास्तरांची नवी फॅशन.' सगळा रस्ता हसला. मास्तरांनी कोट पाटीसकट ओढून दुकानाच्या कपाटात कोंबला आणि मिशाळशी बोलणं टाकलं. त्याने दहादा माफी मागितली, पण हे आपले ताठ. पुढे तो अंथरुणाला खिळला, तेव्हाही, "नाटकं करतोय," म्हणून भेटायला गेले नाहीत. जन्मभर नाटकं करणाऱ्याने नेमकं या वेळी नाटक केलं नव्हतं.

आज मास्तरांच्या अंगावर त्याच्याच हातचा कोट होता. आजारपणात पुरा करून त्याने आपल्या बायकोच्या हाती पाठवलेला. रागापायी मास्तरांनी तो आजवर घातलाच नव्हता. सभाभर त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपल्या कोटातही गाढव असेल? असलं, तर जाताजाता तो आपल्याला या मॅनेजरांच्या रांगेत बसवून गेला.

घरी येताच त्यांनी कात्री घेतली.

"अहो, नवाकोरा कोट उसवताय? डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको ओरडली.

गाढव होतं. एक सोडून दोन होती. एकाच्या गळ्यात माप घ्यायची टेप, दुसऱ्याला भल्यामोठ्या मिशा, आणि दोघांच्या शेपट्यांना मिळून एकच गाठ. टाके वाकडेतिकडे पडले होते. अंथरुणात पडल्यापडल्या घातलेले असणार.

"एकदा तरी जायला हवं होतं गं मी," मास्तर म्हणाले आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच त्यांनी कपाटातला दोन डाव्या बाह्यांचा तो कोट काढला, त्याला कडक इस्त्री केली आणि पाटीसकट काचेत टांगला. मालक धावत आले.

"मास्तर, अहो, लोक हसतील!"

"हसू देत," मास्तर म्हणाले. "त्यासाठीच शिवलाय त्याने."