तारेतला एक टी

माझा मामा घरीच इंग्रजीची शिकवणी घ्यायचा. पोरांच्या चुकांवर तो पोट धरून हसायचा. एकाने निबंधात उंटांना डेझर्टऐवजी डिझर्टमधून, म्हणजे वाळवंटाऐवजी जेवणानंतरच्या गोडातून, मैलोन्‌मैल चालवलं, तेव्हा तो निबंध मामाने शेजाऱ्यांनाही वाचून दाखवला. पण कुणी लॅटरच्या जागी लेटर लिहिलं, की तो खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि वर्गाला सुट्टी व्हायची. पोरं त्याला विक्षिप्त म्हणायची. मला कारण ठाऊक होतं.

मामा आधी जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होता. इंग्रजी पत्रव्यवहार त्याच्याकडे, आणि त्याची त्याला केवढी ऐट. एका सकाळी तार आली. मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंची दोन्ही मुलं एकाच जहाजावर खलाशी होती. थोरला आणि धाकटा, दोघेही वादळात समुद्रात पडले, असं तारेत होतं, आणि पुढे तीन शब्द: लॅटर फाउंड अलाइव्ह. म्हणजे, दोघांतला दुसरा जिवंत सापडला. त्या लॅटरमध्ये दोन टी होते. मामाने एकच वाचला आणि त्याचं लेटर झालं: नंतर जिवंत सापडले. आपल्या तोंडी तर पत्र, नंतर आणि दुसरा, तिन्ही लेटरच. तार साहेबांना दाखवावी एवढी अक्कल त्याला होती. पण चांगली बातमी आपणच द्यायची या हौसेपायी तो शिपायाची सायकल घेऊन सुसाट निघाला.

बाईंनी मशीन थांबवून ऐकलं आणि त्याच दुपारी दोन नवे सदरे बेतले. बाराव्या दिवशी धाकटा एकटाच दारात उभा राहिला. दादा गेला, असं त्याने सांगितलं, तर आई म्हणाली, "तू दवाखान्यात पडून होतास, तुला काय माहीत? तारेत लिहिलंय, दोघेही सापडले."

मग ती तार घेऊन त्या दर महिन्याला मामाकडे येऊ लागल्या. "भाऊ, एकदा वाचा ना." मामाला आपली चूक पहिल्याच महिन्यात उमगली होती, तरी तो मान खाली घालून वाचायचा: नंतर जिवंत सापडले. खरं सांगायला त्याची जीभच रेटायची नाही. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. त्याने नोकरी सोडली, पण त्या शब्दाने त्याची पाठ सोडली नाही. दुकानांच्या पाट्यांवर, औषधांच्या बाटल्यांवर तो टी मोजत बसायचा. तिकडे बाई थोरल्याची खाट रोज झटकायच्या. धाकटा खाली सतरंजीवर झोपायचा.

दोन वर्षांनी धाकटा मामाकडे आला. "काका, आई माझ्याशी बोलते ते फक्त दादाचं. तो आला की हे करू, तो आला की ते करू. तुम्ही तिला खरं सांगणार नसाल तर मी पुन्हा जहाजावर जातो. परत यायचा नाही."

मामाने चपला घातल्या. मीही सोबत गेले.

"ताई," मामा म्हणाला, "मी चुकीचं वाचलं. दुसरा सापडला, असं आहे त्यात. म्हणजे हा तुमचा धाकटा, एकटाच. मला हे पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

त्या ओरडल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. मामाकडे पाहिलंही नाही. धाकट्याला विचारलं, "कसा गेला तो?"

दोन वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. "हात धरला होता गं मी त्याचा," तो म्हणाला. "खूप वेळ धरला होता. मग माझाच सुटला."

बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आम्हाला जायला सांगितलं.

जिन्यात मामा मधेच थांबला. "मला वाटत होतं," तो म्हणाला, "मी फक्त तिलाच फसवतोय."