कुवेतचा फेरफार

कुवेत देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा संपूर्ण, प्रमाणित आणि सहीशिक्क्याचा इतिहास जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण कुवेत नव्हे. ते म्हणजे कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याला माझ्या साडूंच्या घरी असलेलं लोखंडी कपाट, वरून दुसरा कप्पा. पहिल्या कप्प्यात अक्कांचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, दागिने असतात. कुलूप दुसऱ्या कप्प्याला आहे.

साडू निवृत्त तलाठी. तलाठ्याची नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटते, तलाठीपण मात्र कुठल्याच वर्षी सुटत नाही. अक्कांनी भाजीत मीठ जास्त घातलं तर ते जेवताना बोलत नाहीत. जेवण झाल्यावर दोन पंचांसमक्ष सांगतात. त्या दोन पंचांपैकी एक बहुधा मी असतो. अशा माणसाने फुटबॉलचा इतिहास लिहायला घेतला तर तो कसा असेल? सातबाऱ्यासारखा. गोलरक्षक हा त्यांच्या वहीत कब्जेदार असतो, कारण गोल त्याच्या कब्जात. गोल खाल्ला की अतिक्रमण. बरोबरी झाली की सामाईक. ऐंशी साली कुवेतने घरच्या मैदानावर दक्षिण कोरियाला तीन-शून्यने हरवून आशियाचं विजेतेपद मिळवलं, त्याची नोंद ‘कोरियाच्या हद्दीत तीन वेळा शांततेत कब्जा’ अशी आहे. पुढे सरकार संघाच्या कारभारात हात घालतं म्हणून जगाच्या फुटबॉल संस्थेने कुवेतला काही काळ बाहेर बसवलं. ती वर्षं वहीत ‘पडीक’ आहेत. मात्र सरकारने हात घालणं हा गुन्हा कसा होतो, हे साडूंना आजवर कोणी पटवू शकलेलं नाही. “सरकार न्हाई तर मंग कोण घालील?” ते विचारतात. या प्रश्नावर त्यांची सबंध कारकीर्द उभी आहे.

खुद्द खेळाशी त्यांचा संबंध फार जवळचा नाही. शाळेच्या मैदानावरून जाताना एकदा गडगडत आलेला फुटबॉल त्यांच्या पायाला लागला. ते थांबले, वाकले, चेंडूला हात लावून तो हात कपाळाला आणि छातीला लावला, आणि पुढे गेले. फुटबॉलला पाय लागला म्हणून त्याची माफी मागणारा फुटबॉलचा इतिहासकार माझ्या माहितीत हा एकच.

त्यांचा मुख्य सिद्धांत पंधरा दिवसांचा. जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तरच नोंद प्रमाणित होते. साडूंनी हाच नियम फुटबॉलला लावला. कुवेतचा सामना झाला, सगळ्या जगाला निकाल कळला, तरी साडूंना तो पंधरा दिवस मान्य नसतो. एकदा मी फोनवर बघून उत्साहाने सांगितलं, “साडभाऊ, हरले हो तुमचे कुवेतवाले.”

“ऐकून हाये,” ते शांतपणे म्हणाले. “प्रमाणित न्हाई.”

घरातही हाच कायदा. लेकीची सोयरीक जुळली तेव्हा पेढे पंधरा दिवस डब्यात राहिले. वाटले तेव्हा त्यांच्या गोट्या झाल्या होत्या. अक्का सांगतात, “लग्न झाल्यावर पंधरा दिवस धड बोलले न्हाईत माह्याशी. मला वाटलं, लाजून राहिले. मंग कळलं, मुदत भरायची होती!”

या सिद्धांताला आधार काय, असं विचारायची सोय नाही. कारण विचारलं की ते ओट्यावर उभे राहतात आणि ब्याऐंशी साल सुरू होतं. स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा, समोर फ्रान्स. प्रेक्षकांतून कोणीतरी शिट्टी वाजवतो, कुवेतचे खेळाडू पंचाची समजून जागच्या जागी थांबतात, आणि तेवढ्यात फ्रान्सवाले गोल मारून मोकळे होतात. इथे साडू खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतात. ते आता शेख झालेले असतात. कुवेतच्या फुटबॉलचे शेख प्रेक्षकांतून उठतात, ओट्याच्या तीन पायऱ्या सावकाश उतरतात आणि अंगणात चपलांनी आखलेल्या मैदानावर येऊन उभे राहतात. पंच बघतो. शेख बघतात. “आन् पंचानं गोल रद्द केला! झालेला गोल! सगळ्या दुनियेसमोर! काहून? तर हरकत आली. हरकत येळेत आली तर झालेली गोष्ट बी न झालेली व्हते, मास्तर.”

हा प्रयोग मी बारशाला, वास्तुशांतीला आणि एकदा तेराव्यालाही पाहिला आहे. साधारण निम्मं डोंगरकडा आज असं समजून आहे की ब्याऐंशीची जागतिक स्पर्धा कुवेतने जिंकली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे अर्धवट थांबवलेला इतिहास मला खड्यासारखा लागतो. त्या सामन्याचा निकाल मी शोधून ठेवला होता. दर वेळी विचारायचो, “पुढं काय झालं, साडभाऊ?”

“पुढं काय? हरकत मंजूर झाली,” म्हणून ते टॉवेल खांद्यावर टाकायचे.

आता कुवेतच काहून, हे सांगायला हवं. साडूंचा धाकटा भाऊ ऐंशीच्या आधी कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला. लग्न केलं नव्हतं. पत्रात तो तब्येतीबद्दल एक ओळ आणि फुटबॉलबद्दल दोन पानं लिहायचा. साडूंना त्यातलं काही कळत नसे, पण आलेला कागद नोंदीशिवाय ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून त्यांनी वही सुरू केली. नव्वद साली तिथे इराकचं सैन्य घुसलं. आपली माणसं विमानं भरभरून परत आली. भाऊ आला नाही, पत्रही आलं नाही. वही साडूंनी पुढे चालू ठेवली. कात्रणांवरून, रेडिओवरून, आणि आता सुनेच्या फोनवरून.

भावाचं नाव सातबाऱ्यावर अजून आहे. ज्या माणसाने चाळीस गावांत मयतांची नावं कमी करून वारस लावले, त्याच्या स्वतःच्या उताऱ्यावर पस्तीस वर्षं बेपत्ता माणूस साडूंच्या शेजारी निवांत नांदतो आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला केळीसाठी कोल्ड स्टोरेज घालायचं होतं, आणि योजनेला उतारा साफ हवा होता. सात वर्षं ज्याची खबर नाही तो कायद्याने मेलेला धरता येतो, असं त्याला वकिलाने सांगितलं. पोरगा समजूतदार आहे. अर्ज देण्याआधी वडिलांना म्हणाला, “आबा, काका येणार न्हाईत. तुमी बी जाणता.” त्याने अर्ज दिला. चावडीवर नोटीस लागली, आणि चौदाव्या दिवशी साडूंची लेखी हरकत दाखल झाली. चौदाव्याच दिवशी का, असं मी विचारलं. “मुदत हाये तर वापरायची,” ते म्हणाले.

सुनावणीला मला पंच म्हणून नेलं. मंडळ अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांना हे प्रकरण कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

“काका, ही नोंद झाली तर जमीन तुमच्याच नावावर येऊन राहिली ना?”

“व्हय.”

“मग तुमची हरकत कोणाविरुद्ध?”

“माह्याच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“भाऊ हयात आहे, याला पुरावा?”

साडूंनी पिशवीतून वही काढली. आता हे टॉवेल डोक्यावर घेतात की काय, म्हणून मी तो हळूच माझ्याकडे ओढून घेतला. पण त्यांनी फक्त एक पान उघडून पुढे केलं. डाव्या पानावर भावाचं शेवटचं पत्र चिकटवलेलं होतं: ‘दादा, पुढचा सामना झाला की कळवतो. तवर पान मोकळं ठेव.’ उजवं पान कोरं होतं. त्याच्या पुढची सगळी पानं भरलेली, काठोकाठ, शिक्क्यांसकट.

“तुम्हाला पुढं निकाल कळला असेल ना?” बाईंनी विचारलं.

“कळला. पण खबर देणाऱ्यानं दिली न्हाई. मी कसा लिहू?”

बाईंनी वही मिटून परत दिली. मग त्यांनी, न्यायालयाचा आदेश आणल्याशिवाय नाव कमी करता येणार नाही, असा शेरा लिहिला आणि नोंद रद्द केली. हरकत मंजूर.

मुलाने गाडी चालवत आणली. घरापाशी उतरताना एवढंच म्हणाला, “कोर्टात जावं लागंल, आबा.” साडू “जा” म्हणाले. रागाने नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं.

ते ओट्याच्या पायरीवर बसले. मी टॉवेल परत दिला. त्यांनी तो घेऊन घडी केली, मांडीवर ठेवला.

“चार-एक,” ते म्हणाले.

“काय?”

“गोल रद्द झाला, त्याच्यामागं फ्रान्सनं दुसरा मारला. चार-एकनं हारले, मास्तर. पहिल्यापून ठाऊक हाये मला.” मग म्हणाले, “पर तो शेख उतरला का न्हाई खाली?”

“उतरला,” मी म्हणालो.

कोर्टाची तारीख अजून लागायची आहे. परवा बसस्टँडवर त्यांच्या शेजाऱ्याने मला गाठलं. म्हणाला, “मास्तर, तुमी इतिहासाचे. त्या कुवेतच्या सामन्यात शेवटी झालं काय?”

“शेख खाली उतरले,” मी सांगितलं, “आणि पंचाने गोल रद्द केला.”

तो पुढचं ऐकायला थांबला होता. तेवढ्यात माझी बस लागली, आणि मी तिच्यात चढलो.