पाहुण्यांसाठी धूर

माझा मामा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा आणि दिसेल त्याला प्रश्न विचारायचा, म्हणून सगळे त्याला चौकशीमामा म्हणत. देशातला धूर कमी करायला परदेशी पैसा आणायचा, असं सरकारने ठरवलं आणि पैसा देणाऱ्या परदेशी पाहुण्यांची पहिली भेट नेमकी मामाच्या कारखान्याला ठरली.

पाहुणे येणार म्हटल्यावर मॅनेजरने घरी करतात तशीच तयारी केली. आवार झाडून घेतलं, चिमणी रंगवली आणि बॉयलर चक्क बंद ठेवायला लावला.

पाहुण्या बाईंनी चिमणीला यंत्र लावलं. काटा जागचा हलेना.

"बाई विचारताहेत, इथे कमी काय करायचं?" दुभाष्या म्हणाला.

मॅनेजरचा चेहरा पडला. धुरावरून मामाला रोज फैलावर घेणारा हा माणूस त्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "पेटव. आणि हात आखडू नकोस."

तासाभरात काळे लोट निघाले. काटा उडाला. बाई खूश होऊन लिहू लागल्या.

मामाला राहवेना. तो दुभाष्याला म्हणाला, "त्यांना एवढं विचारा, मी पहिल्यापासून कोळसा जपून जाळला असता, तर त्या आल्या असत्या का?"

दुभाष्याने तेवढं एकच वाक्य बाईंपर्यंत पोचवलं नाही. मामा आता निवृत्त झालाय, पण परदेशी माणूस दिसला की अजून दुभाष्या शोधतो.