जोत्याच्या पोटातली टाकी

गळ्यात महादेवाच्या नागासारखं पारदर्शक नळीचं वेटोळं आणि तोंडात एकच वाक्य: "आधी पाण्याक विचार, मगे माका." आमच्या वस्तीतल्या ह्या प्लंबरकाकांना तुम्ही पाहिलं असतंत, तर तुम्हीही माझ्यासारखेच हसला असतात.

तसं आमच्याकडे तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. दहिसरला नदीच्या कडेला पत्र्याची खोली. गल्लीच्या तोंडाशी एक नळ, त्यावर अख्खी गल्ली. माझं कॉलेज संपेपर्यंत आईने तिथून हंडे वाहिले. शेवटी तिचं अंग बाहेर आलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुन्हा हंडा उचललात तर मी काही करू शकणार नाही." आई हो म्हणाली आणि महिन्याभरात कळशी घेऊन परत रांगेत. पाणी दुपारी पाऊण तास. तेव्हा बाबा रिक्षावर, मी ऑफिसात. दुसरं कोण भरणार?

म्हणून खोली पाडून पक्कं घर बांधायला घेतलं. नकाशा मी काढला. आमच्या खानदानातली मी पहिली ग्रॅज्युएट. मी नाही काढणार तर कोण? पाइप मागच्या बोळातून थेट स्वयंपाकघरात, ओट्यावर नळ. नदी दोनदा घरात शिरलेली, म्हणून बाबांनी जोतं माझ्या कमरेच्या वर नेलं, आत डबर-मातीची भर घालून ठोकूनही घेतली.

मग काकांना बोलावलं. नकाशा त्यांनी लांब धरून बघितला.

"चित्र झकास असा गो चेडवा. पण पाण्याक वाचूक येता?"

"काका, मी बी.एस्सी. आहे."

"मगे बरा झाला. धर ह्यां टोक."

रविवार होता. पाणी आल्या आल्या त्यांनी नळीचं एक टोक गल्लीच्या नळाला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात देऊन मला आमच्या जोत्यापाशी उभं केलं. रांगेतून आवाज आला, "ए इंजिनेर, नळ सोड ना! आमची धुणी पडलीत!"

नळीतलं पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत चढलं आणि थांबलं. मी नळी हलवली, अजून वर धरली. पाणी गुडघ्यावरच.

"ह्याच्या वर तुझ्या नळात हवा येतली," काका म्हणाले.

वाट लागली. जोतं फोडावं तर नदी घरात. ठेवावं तर नळ कोरडा. जमिनीत टाकी खणावी तर पुराचं पाणी तिच्यात. बाबा विटांच्या ढिगावर बसले आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. "म्हणजे पाणी हिनेच भरायचं," एवढंच म्हणाले. मी माझा नकाशा घडी करून पर्समध्ये कोंबला.

काका जोत्याभोवती फेऱ्या मारत होते. पुढचं दार येणार होतं तिथे थांबले आणि पहार मागितली.

"टाकी जोत्याच्या पोटात. पाणी हयसून, गुडघ्याच्या खालून आत. झाकण वर, दारात. नदीक थंय पोचूक जमाचा नाय. वर चढवूक बारको पंप."

म्हणजे ठोकलेली भर पुन्हा उकरायची. कंत्राटदाराने हात वर केले. बाबा उठेनात. तेवढ्यात आईने दगडांचं घमेलं उचललं.

"वयनी, ठेवा ता खाली!" काका असे ओरडले की नळावरची रांग गप्प झाली. "तुम्ही उचलूचा नाय म्हणान तर ह्यां सगळा!"

आणि स्वतः खड्ड्यात उतरले. गुडघा आखडलेला, पाय हाताने उचलून ठेवायचे. पाच रविवार ते, बाबा आणि मी भर काढत होतो. एकदा मी म्हटलं, "काका, दुसरा कोणी मागून पाइप टाकून मोकळा झाला असता."

"पाणी खंयसून घेवचा, ता एकदाच ठरता," पहार न थांबवता ते म्हणाले. "चुकला काय जन्मभर बायकांच्या कमरेर येता."

टाकी झाली, वर घरही उभं राहिलं. कनेक्शनच्या कागदांना मात्र महिने गेले आणि मधेच काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाला गेले. पाणी आलं त्या दुपारी मी त्यांना फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला.

"बाबा गेले ताई. गेल्या आठवड्यात."

टाकीत पाणी पडत होतं.

गल्लीत अजून रांग लागते. त्या रांगेत माझी आई नसते. आमच्या ओट्यावर नळ आहे, आणि तो आल्यापासून तिने एकही हंडा उचललेला नाही.