भिवा चितारी आणि घोड्यांचं पितळ

दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामांमध्ये हेझल मॅडमचं जुन्या इंग्रजी वस्तूंचं दुकान होतं. पुढच्या काचेआड घड्याळं, चिनी मातीची कुत्री, चांदीचे चमचे. मागच्या भागात, एक्झॉस्ट फॅनखाली, भिवा चितारी लाकूड आणि पितळ घासत बसलेला असायचा.

भिवा सावंतवाडीचा. लाकडी खेळण्यांवर लाखेचे रंग चढवणं हा त्याच्या घरचा धंदा. दुबईत तो फर्निचर पॉलिश करणाऱ्या एका कंपनीत लागला होता. सत्त्याण्णव साली हेझल मॅडम तिथे एक टेबल घेऊन आल्या. भिवाने टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, इसका एक पैर नया है." मॅडमना ते टेबल लंडनमध्ये कुणीतरी अस्सल जुनं म्हणून विकलं होतं. पुढच्या महिन्यात भिवा त्यांच्याकडे कामाला आला.

मॅडमची हिंदी दुकानातच शिकलेली, भिवाची इंग्रजीही. तरी दोघांचं जमायचं. मॅडमचे आजोबा इंग्लंडात, श्रॉपशरमध्ये गाडीच्या घोड्यांची देखभाल करत. त्या सांगत, सकाळी घोडा घामाने भिजलेला दिसला आणि आयाळीत गाठी झालेल्या असल्या, की लोक म्हणत, रात्री चेटकीण त्याच्यावर बसून फिरून आली. मग तबेल्यात भोक पडलेला दगड टांगत. भिवाने त्यांना देवचाराबद्दल सांगितलं. तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गावकरी त्याला नव्या वहाणा ठेवतात. मॅडमना हे फार आवडलं. "बिचारा थकता होगा," त्या म्हणाल्या.

भिवाचं आवडतं काम म्हणजे घोड्यांचं पितळ. तळहाताएवढे बिल्ले, घोड्याच्या छातीवरच्या चामडी पट्ट्याला लोंबणारे. एकावर सूर्य, एकावर चंद्रकोर, एकावर गव्हाची पेंढी. चकाकीने वाईट नजर परत फिरते, अशी तिकडच्या गाडीवानांची समजूत होती, असं मॅडम सांगत. खरा बिल्ला कसा ओळखायचा तेही त्यांनीच शिकवलं. पुढून बघायचंच नाही. उलटा करायचा. वर्षानुवर्षं चामड्यावर घासून त्याची पाठ गुळगुळीत झालेली असते, खालची कड बोटाला लागत नाही.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात मंदी आली आणि गिऱ्हाईक बंद झालं. नंतर तेच लोक परत येऊ लागले, पण घेतलेल्या वस्तू विकायला. ज्या घड्याळाची पेटी भिवाने दोन महिने खपून दुरुस्त केली होती, तेही एका पिकअपमधून परत आलं. मॅडमनी पहिल्या सात-आठ घरांचं सामान घेतलं. मग त्या हात जोडून नको म्हणू लागल्या. नऊ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या खुब्याचं दुखणं वाढलं आणि त्या बहिणीकडे इंग्लंडला गेल्या. जाताना दुकान उपेंद्रच्या हवाली केलं.

उपेंद्र पुण्याचा, दुकानाचा मॅनेजर. बायकोची नोकरी गेलेली, दोन मुलं ऊद मेथा भागातल्या शाळेत. माणूस वाईट नव्हता, पण त्या वर्षात त्याला झोप नव्हती. एका सकाळी त्याने भिवासमोर एक खोका आणून ठेवला.

"काका, इंग्लंडहून जुन्या मालाचा कंटेनर यायचा, ते आता विसरायचं. हे बघा."

आत एकोणपन्नास बिल्ले होते. अलिगढला ओतलेले, पिवळेधमक.

"नवे आहेत साहेब."

"म्हणून तर तुमच्याकडे आणले. शंभर वर्षांचे करा."

भिवाने चामड्याचा एक पट्टा टेबलाला खिळ्यांनी ठोकला आणि पहिला बिल्ला उलटा करून त्यावर घासायला घेतला. घोड्याने चाळीस वर्षांत केलं असतं ते काम तो चार दिवसांत करायचा. कडा मऊ करायच्या, खोलगट भागात काळं मेण भरायचं, मग वरून थोडं पुसून टाकायचं. पाठ कुठे झिजते हे त्याला नेमकं ठाऊक होतं, त्यामुळे काम इतकं चोख व्हायचं की उपेंद्रही खरेखोटे ओळखू शकत नव्हता. सहा महिने तो घासत होता. संध्याकाळी मनगटं सुजायची. पूर्वीही दमायचा, पण तेव्हा जेवला की बरं वाटायचं. आता जेवायचाही कंटाळा यायचा.

"आवाज असो कित्याक येता तुमचो?" गावाहून बायको नर्मदा फोनवर विचारायची.

"काय नाय. कंटाळलंय."

दहा सालच्या मार्चमध्ये, उपेंद्र मुलांच्या शाळेत मीटिंगला गेला असताना, दुकानात एक बाई आल्या. नाव बिलकीस. आईवडील लाहोरचे, जन्म इंग्लंडचा, दुबईत अकरा वर्षं शिक्षिका. नवऱ्याची नोकरी गेली होती, पुढच्या आठवड्यात सगळे परत निघाले होते.

भिंतीवरच्या बिल्ल्यांसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आपणहून सांगू लागल्या. लहानपणी त्यांच्या गल्लीत एक म्हातारा होता, दारूच्या पिंपांची घोडागाडी हाकायचा. गल्लीतली बाकीची पोरं त्यांना चिडवायची, तर त्याने एक दिवस त्यांच्या हातात सूर्याचा बिल्ला ठेवला. म्हणाला, जवळ ठेव, कुणाची नजर लागणार नाही. तीस वर्षं तो त्यांच्याजवळ होता. गेल्या दोन वर्षांत तीनदा घर बदललं, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान, आणि त्या हलवाहलवीत तो कुठे गेला कळलं नाही.

त्यांनी भिंतीवरून एक सूर्य काढला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. बाईंना कळत होतं.

"चाचा, इसे सच में किसी घोड़े ने पहना था?"

खाली लेबलावर लिहिलं होतं, एकोणीसशे दहाच्या सुमारास. भिवाने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण बाईंचा अंगठा अजून त्या पाठीवर फिरत होता, आणि त्याला ते बघवेना.

"नहीं बेटी. ये मैंने घिसा है. अभी जाड़े में नया था."

बिलकीस स्टुलावर बसल्या. "सब?"

"ग्यारह असली हैं. उनमें सूरज नहीं है."

त्या रागावल्या नाहीत. बिल्ला त्यांनी जागेवर नीट लटकवला, पर्स उचलली आणि दारापाशी थांबल्या. "चाचा, और किसी को मत बताना. नौकरी चली जाएगी."

त्या गेल्यावर भिवाने भिंतीवरचे सगळे बिल्ले उतरवले. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला न विकलेले पस्तीस. उपेंद्र परत आला तेव्हा तो त्या दोन ढिगांमध्ये बसला होता. घडलेलं सगळं त्याने सांगितलं.

उपेंद्रने दार लावून घेतलं. "काका, तुम्हाला माझी परिस्थिती माहीत होती ना?"

"म्हणून तर केलं साहेब. आता हात उचलत नाही."

उपेंद्रने ड्रॉवरमधून कोरी लेबलं काढली आणि पस्तिसांवर एकेक करून लिहिलं, नवीन. लिहिताना म्हणाला, "मॅडमना मी सांगतो. तुम्ही बोलू नका." त्याने खरंच फोन केला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "भिवासे बोलो, अच्छा किया."

दुकान आणखी वर्षभर कसंबसं चाललं. अकरा साली सामान एका लिलाववाल्याने उचललं. उपेंद्रला शारजात हिशेबनिसाची नोकरी मिळाली. भिवा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये किचन कॅबिनेटच्या कारखान्यात लागला. तिथे दिवसभर मास्क लावून एकसारख्या पांढऱ्या दारांवर स्प्रे मारायचा. कुणी काही विचारत नव्हतं. तीन वर्षांनी छाती भरून यायला लागली, तेव्हा त्याने नर्मदेला फोन केला.

"मी येतंय. कायमचो."

"लोकांका काय सांगू?"

"सांग, दमलंय म्हणान."

घरी पोचल्यावर तो दोन दिवस झोपला. नर्मदा मधून मधून येऊन त्याच्या कपाळाला हात लावून जायची. ताप नव्हता.