मदतनीस, असं मी लिहिलं

मामांना ठेवायचं की काढायचं, हे मालकांनी मला विचारलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सगळे असंच धरून चालतात, की मंदी आली आणि मामांची नोकरी गेली.

कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे; शाहूवाडीकडचे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. साचे करायचे, भट्टीवर उभे राहायचे, मोटर जळली तर खोलून बसायचे, ड्रायव्हर आला नाही तर टेम्पो काढायचे. डिप्लोमा करून मी तिथं तपासणीला लागलो, ती नव्वदच्या दशकातली वर्षं. लोखंडाचा रस कसा असावा हे मी पुस्तकात वाचलं होतं. बघायला शिकवलं मामांनी.

एका वर्षी कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, भोकं यायला लागली. रोज नाही, मधूनच. माल परत यायचा आणि मालक माझ्यावर डाफरायचे. पुण्याहून वाळूचे जाणकार आले. त्यांना वाळू चांगली वाटली. भट्टीवाला म्हणाला, रसात खोट नाही. पंप बघणाऱ्याला कुणी विचारलंच नाही, कारण पंपाचा आणि भोकांचा काय संबंध. तीन आठवडे असे गेल्यावर चहाच्या सुट्टीत मामा माझ्याजवळ येऊन बसले.

“सायेब, वाळू कसली बघताय? टाकी बघा की.”

वाळू कालवताना आमच्याकडे पाणी मापानं घालत नसत. कॉक उघडायचा, वीसपर्यंत आकडे म्हणायचे, बंद करायचा. वरची टाकी भरलेली असली की तेवढ्याच वेळात पाणी जास्त पडायचं. साचा ओला राहायचा, त्यात तापलेला रस ओतला की वाफ व्हायची आणि ती वाफ भोकं पाडायची. पंप, नळ, वाळू, रस, सगळ्यात हात घातलेल्या माणसालाच हे जोडता आलं असतं. मी दोन दिवस टाकीची पातळी लिहून ठेवली. मामांचं बरोबर निघालं.

अहवाल मी लिहिला. त्यात मामांचा उल्लेख नव्हता. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली तेव्हा मामा मागं उभे होते. वर्षभरात मी खात्याचा प्रमुख झालो.

मग कारखान्याला दर्जाचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरलं, आणि एक तक्ता आला. प्रत्येक कामगारापुढं एक काम लिहायचं. मामांना विचारलं, तुमचं काय लिहू?

“लिवा की कायबी. काय येत न्हाय ते सांगा.”

मी ‘मदतनीस’ लिहिलं. रकाना एकच होता, असं पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. खरं असं, की त्यांना कागदावर जाणकार केलं असतं तर एखाद्या दिवशी कुणीतरी विचारलं असतं, मग ते टाकीचं नक्की कुणी शोधलं?

दोन हजार साल उलटलं आणि ऑर्डरी आटल्या. मालक तोच तक्ता घेऊन बसले. मदतनीस कमी करायचं ठरलं होतं. मामांच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ह्यो गडी कामाचा हाय न्हवं? तुझ्याजवळ असतोय, तूच सांग.”

मी म्हणालो, “सगळं थोडं थोडं येतं त्यांना. पण एकात पक्कं, असं काही नाही.”

मालकांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि ओळीवर खूण केली.

शेवटच्या दिवशी मामा किल्ल्या द्यायला माझ्या टेबलाशी आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. “पाण्याकडं ध्यान ठेवा, सायेब. तुमीच हुडकून काढलंय न्हवं.” शेजारचे दोघं हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मी मान खाली घालून किल्ल्या कसल्या कसल्या ते बघत बसलो.

पुढं त्यांच्या जागी हळूहळू तीन माणसं घ्यावी लागली. माणसं चांगली, आपापल्या कामात पक्की. पण बिघाड एकाच्या कामातून दुसऱ्याच्या कामात सरकला, की तो कुणाचाच नसायचा. मग तिघं माझ्याकडं बघायचे, आणि मला काही सुचायचं नाही.

मामा गावी भात करतात, असं कानावर येतं. मालक थकलेत, तरी कारखान्यात येतात. त्या दोघांना समोरासमोर बसवून मला सांगायचं आहे, की टाकी मामांनी दाखवली, अहवालावर नाव त्यांचं हवं होतं, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मामांचं मी एवढं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.